पावणेपाचचा सूर्यास्त

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टोरांटो शहरात सूर्य सकाळी पावणेआठनंतर उगवतो आणि ४ वाजून ४३ मिनिटांनी मावळतो. जळगाव, बार्शी किंवा अहिल्यानगरच्या बाजारपेठेत हीच वेळ भरगच्च गिऱ्हाइकीची असते. टोरांटोच्या उपनगरातील घरात मात्र चार वाजताच चुलीवर फुलके पडू लागतात, कारण चौविहार पाळणाऱ्या आजी-आजोबांना पावणेपाचच्या आत तोंड धुऊन उठायचे असते. मुलगा आणि सून कामावरून परततात तेव्हा सहा वाजून गेलेले असतात आणि बाहेर केव्हाच काळोख झालेला असतो.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची पुढची पिढी आता कॅनडात, विशेषतः ऑन्टॅरिओ प्रांतात स्थिरावली आहे. आई-वडिलांसाठी तेथील सरकारने ‘सुपर व्हिसा’ची सोय केली आहे आणि २०२२ पासून या व्हिसावर एका वेळी सलग पाच वर्षांपर्यंत राहता येते. पूर्वी बहुतेक मंडळी उन्हाळ्यात जाऊन दिवाळीपूर्वी परत येत. आता नातवंडांचा जन्म, सुनेची नोकरी, पाळणाघराचा खर्च अशा कारणांनी पुष्कळांचा मुक्काम हिवाळ्यातही लांबतो. हा हिवाळा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, मार्चअखेरपर्यंत चालतो आणि एखादी हिमवृष्टी एप्रिलसाठीही राखून ठेवतो. अल्बर्टातील एडमंटनसारख्या आणखी उत्तरेच्या शहरात तर डिसेंबरचा दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो.

निघण्यापूर्वी बहुतेक घरांत स्वेटर, शाली, मेथीचे ठेपले आणि डिंकाचे लाडू यांची तयारी कसून होते. ती अनावश्यक नाही. परंतु तेथील घरे आतून वीस-एकवीस अंशांवर उबदार ठेवलेली असतात. जळगावच्या जानेवारीतील पहाटेपेक्षा टोरांटोचे दिवाणखाने अधिक सुखाचे असतात, हे तेथे गेल्यावरच कळते. घरातल्या थंडीने क्वचितच कोणी आजारी पडतो. दुखापत होते ती दाराबाहेरच्या पायरीवर, न्हाणीघरात, औषधांच्या बिघडलेल्या वेळांमुळे. आणि सर्वांत जास्त झीज होते ती रिकाम्या घरात बसून राहिल्याने.

पण प्रथम पैशाची बाजू पाहिली पाहिजे. सुपर व्हिसासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्ष मुदतीचा आरोग्यविमा सक्तीचा आहे. पाहुण्या आई-वडिलांना प्रांताच्या सरकारी आरोग्ययोजनेचा लाभ मिळत नाही. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, तर बिल या विम्यावरच जाते. इथे व्यापारी माणूस, जो एरवी हुंडीवरची तारीख दोनदा तपासतो, तो कागद न वाचता सही करतो. बहुतेक पॉलिसींत आधीच्या आजाराविषयी एक अट असते : विमा सुरू होण्यापूर्वी ठरावीक काळ, कुठे ९० तर कुठे १८० दिवस, तो आजार स्थिर असला पाहिजे. या काळात रक्तदाबाच्या गोळीची मात्रा बदलली तरी काही कंपन्या तो आजार अस्थिर समजतात आणि त्यासंबंधीचा दावा नाकारू शकतात. निघण्याच्या आधल्या आठवड्यात ‘एकदा सगळे तपासून घेऊ’ म्हणून डॉक्टरांकडे जाण्याची आपली सवय या दृष्टीने अडचणीची आहे. तपासणी चार-सहा महिने आधी करावी. मधुमेह किंवा जुनी अँजिओप्लास्टी लपवून हप्ता कमी करून घेणे हा तर निव्वळ घाट्याचा सौदा आहे.

कपड्यांच्या बाबतीत एक विशेष काळजी आपल्या घरांना घ्यावी लागते. तेथील उबदार जॅकेटांपैकी पुष्कळ जॅकेटांत बदकाची किंवा हंसाची मऊ पिसे भरलेली असतात. लेबलवर ‘डाऊन’ असे लिहिलेले असते. अनेक बुटांत व हातमोज्यांत चामडे असते, टोपीच्या कडेला खरी लव असते. याला पर्याय भरपूर आहेत. पॉलिएस्टरचे भरण असलेले जॅकेट कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते, पिसांच्या जॅकेटपेक्षा बहुधा स्वस्त असते आणि भिजले तरी ऊब टिकवते. मुलाने प्रेमाने आणून ठेवलेले जॅकेट लेबल वाचून नाकारावे लागले की उगाच मने दुखावतात. त्यापेक्षा आधीच फोनवर सांगून टाकणे बरे. अंगालगत सुती बनियन घालण्याची सवयही तेथे थोडी बदलावी लागते. सूत घाम धरून ठेवते आणि ओले सूत अंगाची ऊब शोषून घेते. आत घाम न धरणारे थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस आणि त्यावर वारा अडवणारे जॅकेट अशी तीन आवरणे पुरतात. हवामानाच्या बातमीत तापमानाबरोबर वाऱ्याचा हिशेब धरून काढलेला आणखी एक आकडा देतात, त्याला ‘विंड चिल’ म्हणतात. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी फिरायला न जाण्यात कोणताही कमीपणा नाही.

आता बर्फाविषयी. भुरभुरणारे पांढरे हिम पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यात पाय रुततो, सहसा घसरत नाही. धोका असतो तो दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या पातळ, पारदर्शक थराचा. खालचा डांबरी रस्ता त्यातून दिसतो आणि वाट फक्त ओली आहे असे वाटते. तेथे त्याला काळा बर्फ म्हणतात. सकाळी आठ-नऊची वेळ, सावलीतली पायरी, गाडीतून उतरताना टाकलेले पहिले पाऊल, या तीन ठिकाणी तो हमखास भेटतो. त्यावर चालण्याची रीत तेथील शाळकरी मुलांनाही शिकवतात : पेंग्विनसारखे चालावे. पावले आखूड, तळवा पूर्ण टेकलेला, गुडघे किंचित सैल, आणि हात खिशाबाहेर. हात खिशात असले तर तोल सावरायला काही उरत नाही. म्हणून आजोबांना हातमोजे सक्तीचे. वाट निसरडी दिसली तर नातवाला कडेवर घेऊन चालू नये, त्याचे बोट धरून चालावे.

बुटांविषयी टोरांटोतच झालेले एक काम उपयोगी आहे. टोरांटो रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूट या पुनर्वसन संस्थेने खऱ्या बर्फाची फरशी असलेली, तिरकी करता येणारी प्रयोगशाळा उभारली आहे. माणसांना बूट घालून तिच्यावर चालवतात आणि उतार वाढवत नेतात. सात अंशांच्या उतारावर न घसरणाऱ्या बुटाला एक हिमकण, त्याहून तीव्र उतारासाठी दोन आणि तीन हिमकण अशी श्रेणी देतात. २०१६ मध्ये संस्थेने पहिले निकाल जाहीर केले, तेव्हा बाजारातले ९८ प्रकारचे बूट तपासले गेले होते आणि त्यांपैकी दहा टक्केही एका हिमकणापर्यंत पोहोचले नव्हते. किंमत आणि पकड यांचा संबंध नसतो हे त्यातून स्पष्ट झाले. संस्था ही श्रेणी लोकांसाठी खुली ठेवते. बुटाखाली अडकवायचे धातूचे काटेही मिळतात. बर्फावर ते उत्तम, पण दुकानाच्या गुळगुळीत लादीवर तेच काटे घसरवतात, म्हणून आत शिरण्यापूर्वी काढावेत. आणि ज्यांना भारतात डॉक्टरांनी काठी सुचवूनही ‘एवढा काही म्हातारा झालो नाही’ म्हणून ती कोपऱ्यात उभी आहे, त्यांनी ती बरोबर न्यावी. काठीच्या टोकाला बसवायचा बर्फाचा काटा तेथे औषधांच्या दुकानात मिळतो.

घरासमोरचा बर्फ उपसण्याचा मोह आजोबांना फार होतो. मुलगा दमून येतो, आपण दिवसभर रिकामे, मग दोन-चार फावडी मारली तर काय बिघडले, असा हा सरळ कौटुंबिक विचार असतो. बिघडते ते हृदयाचे. ओले हिम विलक्षण जड असते. हातांनी जोर, श्वास रोखलेला, थंड हवेने रक्तवाहिन्या आकसलेल्या आणि शरीर सकाळचे अजून आखडलेले, असा सगळा प्रतिकूल योग त्यात जुळून येतो. क्युबेक प्रांतातील १९८१ ते २०१४ या काळातील रुग्णालयीन नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस सेंटिमीटर हिम पडल्यावर दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण, हिम न पडलेल्या दिवसाच्या तुलनेत, १६ टक्क्यांनी व मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. स्त्रियांमध्ये अशी वाढ दिसली नाही. फावडे बहुधा कोणाच्या हातात असते, याचा विचार संशोधकांनीही केला आहे. साठी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये. मीठ टाकण्याचे काम मात्र जरूर करावे. साधे मीठ उणे दहाच्या आसपासपर्यंत काम देते, त्याखाली वाळू बरी.

न्हाणीघरात बादली-तांब्या नसतो. उंच कडेचा टब असतो आणि तो ओलांडून आत जावे लागते. ओल्या पायाने एका पायावर तोल सांभाळण्याचा हा प्रसंग रोज दोनदा येतो. टबात रबरी चटई, भिंतीला पकडायचा दांडा आणि बसून अंघोळीसाठी प्लॅस्टिकचे स्टूल एवढ्याने काम भागते. यासाठी होणारा खर्च विम्याच्या एका हप्त्याच्याही जवळपास येत नाही. पाहुण्यांची खोली तळघरात असेल तर जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि रात्री दिवा हवा.

उबेच्या यंत्रणेचाही एक अदृश्य धोका आहे. ऑन्टॅरिओतील वुडस्टॉक गावात डिसेंबर २००८ मध्ये गॅसच्या शेगडीचा धूर बाहेर नेणारा मार्ग बंद झाला आणि एकाच घरातील चौघे कार्बन मोनॉक्साइडने गेले. त्यानंतर २०१३ मध्ये या वायूची सूचना देणारे यंत्र घरोघर बसवण्यासाठी प्रांताने कायदा केला. नव्या घरांत भट्टीचे नळ बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर पडतात. मोठे हिम पडल्यावर ते बुजलेले नाहीत ना, हे घरच्या तरुणांनी पाहावे. आजींच्या धूपाने धुराची घंटा वाजते म्हणून तिची बॅटरी काढून ठेवण्याचा उपाय काही घरांत सर्रास होतो. धूप खिडकीजवळ लावावा, बॅटरीला हात लावू नये.

आहार आणि पच्चक्खाण यांचा विषय अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात हिवाळ्यात चौविहार ते नवकारसी हा काळ सुमारे चौदा तासांचा होतो. टोरांटोत डिसेंबरमध्ये सूर्योदय ७ वाजून ४८ मिनिटांनी, म्हणजे नवकारसी ८ वाजून ३६ मिनिटांनी येते आणि हाच काळ जवळजवळ सोळा तासांवर जातो. दिवस आखूड असल्यामुळे प्रहरही सव्वादोन तासांचाच भरतो. मुंबईहून नेलेले वेळापत्रक तेथे निरुपयोगी ठरते, स्थानिक सूर्योदय-सूर्यास्त पाहूनच चालावे लागते. निरोगी माणसाला सोळा तास जड जात नाहीत. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर पहाटेपर्यंत धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे झोपेत कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. संध्याकाळची मात्रा चार वाजताच्या जेवणाशी कशी जुळवायची, ती कमी करायची काय, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना सूर्यास्ताची वेळ स्पष्ट सांगून ठरवून घ्यावे. ‘आम्ही रात्री जेवत नाही’ एवढे सांगून त्यांना सोळा तासांचा अंदाज येत नाही. साखर मोजण्याचे यंत्र उशाशी असावे. साखर खरोखरच उतरली तर काय करायचे, हा प्रश्न रात्री दोन वाजता पडू देऊ नये. पच्चक्खाणात समाधी राखण्यासाठी आगार ठेवलेले आहेत. आपल्या प्रकृतीला चौविहार झेपेल की तिविहार, याविषयी गुरुमहाराजांशी आधीच बोललेले असले म्हणजे आजोबा संकोचाने गप्प राहत नाहीत आणि मुलेही घाबरून वाद घालत नाहीत.

पाण्याचे गणितही आठ तासांतच बसवावे लागते. थंडीत तहान लागत नाही. शिवाय भट्टीमुळे घरातील हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकातून रक्त येते. पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि पहाटे अंथरुणातून उठताना चक्कर, असा क्रम लागतो. नवकारसीनंतर दोन पेले आणि मग दर तासाला थोडे थोडे उकळलेले पाणी, असा नेम ठेवावा. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या रुग्णांनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्यावे. अंथरुणातून उठताना क्षणभर काठावर बसावे. बाजरी, तीळ, गूळ, सुंठ सारे ब्रॅम्प्टनच्या भारतीय दुकानांत मिळते, त्यामुळे हिवाळ्याच्या खाण्याची आबाळ होत नाही. उलट ते जास्त होते. डिंकाचा लाडू शेतात आणि गोदामात राबणाऱ्या शरीराच्या हिशेबाने बांधलेला आहे. सोफ्यावर बसून रोज दोन लाडू खाल्ले तर मार्चमध्ये विमानाच्या खुर्चीचा पट्टा अपुरा पडतो.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्या अक्षांशावर हिवाळ्यातील ऊन इतके तिरपे असते की त्यातून ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. म्हणूनच कॅनडात गाईच्या दुधात ते मिसळणे कायद्याने बंधनकारक आहे आणि पन्नाशीपुढील माणसांनी रोज ४०० युनिटांची पूरक गोळी घ्यावी असा तेथील सरकारी आहारमार्गदर्शकाचा सल्ला आहे. गोळी घेताना मात्र लेबल वाचावे. अनेक कॅप्सूल जिलेटिनच्या असतात. ‘ड-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून, कधी माशाच्या तेलापासून काढतात. दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेले ‘ड-३’ही मिळते. दुसरी गोष्ट ‘ब-१२’ची. शाकाहारात ते कमी मिळते आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणखी घटते. त्याच्या अभावी पायांना मुंग्या येतात, तळव्यांची जाणीव मंदावते. अशा पायांना बर्फ कळत नाही आणि गरम पाण्याच्या पिशवीचा चटकाही कळत नाही. निघण्यापूर्वीच्या रक्ततपासणीत याचा समावेश करावा.

आता उरते ते रिकामे घर. मोंढ्यात किंवा दाणाबाजारात चाळीस वर्षे गादीवर बसलेला माणूस दिवसाकाठी शंभर जणांशी बोललेला असतो. दलाल, हमाल, टेम्पोवाला, चहाचा पोऱ्या, भाव विचारून न घेता जाणारे गिऱ्हाईक, या सर्वांशी. पेढी ते गोदाम, गोदाम ते बँक, बँक ते मंदिर अशा फेऱ्यांत तीन-चार किलोमीटर चालणे होऊन जाते आणि त्याला व्यायाम असे नावही नसते. टोरांटोत सकाळी आठला घर रिकामे होते. खिडकीबाहेर माणूस दिसत नाही, गाड्यांचे आवाजही बर्फात दबतात. आजींना निदान स्वयंपाकघर असते. आजोबांना दूरचित्रवाणीखेरीज काही नसते. भारताशी बोलावे तर हिवाळ्यात वेळेचे अंतर साडेदहा तासांचे. तेथे संध्याकाळी पाच वाजता अंधार पडतो आणि मन खिन्न होते, तेव्हा महाराष्ट्रात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. बोलायला कोणी जागे नसते.

अशा दिवसांत झोप वाढणे, गोडाची ओढ लागणे, कशातच मन न लागणे ही लक्षणे दिसू लागली तर घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ या ऋतुजन्य उदासीनतेचे वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून तिला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसणे हा तिच्यावरचा मान्य उपाय आहे. डोळ्यांचे विकार असलेल्यांनी आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. दिवा नसला तरी अकरा ते एक या वेळेत बाहेरच्या उजेडात वीस मिनिटे काढल्याने फरक पडतो.

म्हणून दिवसाचा रोजमेळ लिहून काढणे इष्ट. सकाळी नऊ वाजता भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दुकान आवरून घरी आलेल्या भावाशी, मित्राशी बोलण्याची ती उत्तम वेळ. काही आजोबा या वेळी जुन्या पेढीच्या उधारीची चौकशी करतात, आणि इथल्या मुलांना ती कटकट वाटते. ती करू द्यावी. नंतर चालणे. टोरांटोत व्यापारी संकुलांत चालायला येणाऱ्या वृद्धांची एक जुनी पद्धत आहे. दुकाने उघडण्यापूर्वी मोठी संकुले दारे उघडतात आणि ज्येष्ठ मंडळी उबदार, सपाट, कोरड्या लादीवर फेऱ्या मारतात. मिसिसागाच्या स्क्वेअर वनसारख्या ठिकाणी दोन फेऱ्यांत पाय मोकळे होतात, आणि व्यापारी डोळ्याला दुकानांची मांडणी पाहायला मिळते ते वेगळेच. शहराच्या मध्यभागी तर तीस किलोमीटरहून लांब भुयारी पादचारी मार्ग आहे. सार्वजनिक ग्रंथालयात हिंदी-गुजराती पुस्तके असतात. एटोबिको भागात जैन सोसायटी ऑफ टोरांटोचे मंदिर आहे. मुलाला रविवारी तेथे नेण्याची गळ घालावी, कारण ओळखीचे आठ-दहा चेहरे मिळाले तरी आठवडा भरून निघतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे हालचाल आणि पासष्टीपुढील माणसांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. हे ऐकून दडपण्याचे कारण नाही. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांना खमासमणे हा तोल, मांड्या आणि कंबर यांचा संपूर्ण व्यायाम घरातच उपलब्ध आहे. ज्यांचे देत नाहीत त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. सामायिकाच्या ४८ मिनिटांनंतर मात्र झटकन उठू नये.

चार वाजताच्या जेवणाचा प्रश्न काही घरांनी नातवंडांच्या मदतीने सोडवला आहे. शाळा साडेतीनच्या सुमारास सुटते, आणि मुले भुकेने कासावीस होऊनच घरी येतात. बिस्किटांच्या पुड्याऐवजी त्यांना आजी-आजोबांच्या पंगतीला बसवले, तर गरम फुलके तिघे-चौघे मिळून खातात, मराठी चार वाक्ये कानांवर पडतात, आणि सातव्या वर्षी एखादा नातू स्वतःहून घड्याळ पाहून आजोबांना सांगतो की आता फक्त दहा मिनिटे उरली. शनिवार-रविवारी सर्व कुटुंबाने चारलाच जेवण्याचे ठरवले तर फारसे काही अडत नाही.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथे घड्याळे एक तास पुढे केली जातात. त्या संध्याकाळी सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. बाहेर रस्त्याच्या कडेला मळक्या बर्फाचे ढीग अजून असतात, जॅकेट अजून खुंटीवर असते. पण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सून सहा वाजता घरात पाऊल टाकते तेव्हा ताटे मांडायची बाकी असतात.